मनगटावरचं घड्याळ आणि अंगातलं रक्त

आजचा विषय तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या हातावर बांधलेला आहे. भाऊबीजेला भावानं ओवाळणीत घातलेलं, नाहीतर पुण्या-मुंबईला कामाला असलेल्या लेकानं सुट्टीला येताना आणलेलं, काळ्या काचेचं चौकोनी घड्याळ. वेळ दाखवतं, फोन आला की थरथरतं, पावलं मोजतं, छातीचे ठोके मोजतं आणि विकणाऱ्याचं ऐकाल तर बीपी, शुगर, ऑक्सिजन सगळं सांगतं. हजार-दीड हजारात मिळतं. बाजारावर नजर ठेवणाऱ्या आयडीसी या संस्थेच्या मोजदादीप्रमाणे २०२३ या एका वर्षात भारतात घड्याळं आणि कानात घालायची यंत्रं मिळून तेरा कोटींहून जास्त नग दुकानांपर्यंत गेले. पुढच्या वर्षी हा आकडा थोडा उतरला, पण घराघरांत आलेली घड्याळं काही परत गेली नाहीत.

या विषयावर बोलायचं आम्ही ठरवलं ते एका फोनमुळे. गटाच्या बैठकीनंतर एका ताईंनी केंद्रावर फोन केला आणि विचारलं, "सासूबाईंचं बीपी घड्याळात रोज एकशे वीस-ऐंशी येतंय. मग आता गोळी बंद केली तर चालेल का?" आम्ही त्यांना तेव्हाच सांगितलं, गोळी अजिबात बंद करू नका, उद्या उपकेंद्रावर जाऊन हाताला पट्टा बांधून बीपी मोजून घ्या. पण असा फोन न करता गोळी बंद करणाऱ्या किती जणी असतील, हा विचार काही मनातून जाईना.

तर आधी हे यंत्र चालतं कसं ते बघू. घड्याळ काढून उलटं करा. मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्त लाल असतं आणि लाल वस्तू हिरवा उजेड शोषून घेते. छातीचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक नसांमध्ये रक्ताची लाट येते, तेवढ्या क्षणी हिरवा उजेड जास्त शोषला जातो आणि परत कमी येतो. लाट ओसरली की परत जास्त येतो. दिव्याच्या शेजारी एक बारीकसा डोळा बसवलेला असतो, तो हे कमी-जास्त मोजत राहतो. मिनिटाला किती वेळा कमी झालं, तेवढे ठोके. म्हणजे घड्याळाला तुमचं हृदय दिसत नाही, दिसतो तो फक्त कातडीतून परत आलेला उजेड. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल.

उजेडाचाच खेळ असल्यामुळे त्याला अडचणीही उजेडाच्याच. बांगड्यांमुळे घड्याळ वर सरकून सैल बसलं की बाहेरचा उजेड आत शिरतो. घाम, माती, शेण चिकटलं की डोळा आंधळा. आणि मनगटावर गोंदण असेल तर गोंदणाची शाईच उजेड अडवते. हे आम्ही मनानं सांगत नाही, मोठ्या कंपन्या स्वतःच त्यांच्या माहितीपत्रात लिहितात. आपल्याकडच्या जुन्या बायांच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण असतं, त्यांनी घड्याळ दुसऱ्या हाताला बांधून बघावं. आणखी एक गंमत घरी करून बघा. टॉवेलची घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर घड्याळ बांधा. कधी कधी त्या टॉवेलचेही सत्तर-ऐंशी ठोके दाखवतं! पोरांना फार हसू येतं.

तरीही बसल्या जागी, हात स्थिर ठेवून मोजले, तर ठोक्यांचा आकडा बहुतेक वेळा बऱ्यापैकी बरोबर येतो. घड्याळात सगळ्यात भरवशाचं काही असेल तर ते हेच. हातानं काम चालू असताना मात्र हाच आकडा घसरतो.

आता ऑक्सिजन. कोरोनाच्या वेळी २०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली तेव्हा आशाताई दारोदार फिरल्या, बोटाला चिमटा लावला आणि ऑक्सिजन मोजला. तेव्हापासून अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव हे आकडे आपल्या तोंडी बसले. त्या चिमट्यामागची युक्ती १९७४ च्या सुमारास जपानमधल्या ताकुओ आओयागी या इंजिनिअरनं शोधली. ऑक्सिजन घेतलेलं रक्त लालभडक असतं आणि ऑक्सिजन सोडलेलं काळपट, म्हणून लाल आणि डोळ्यांना न दिसणारा असा दोन तऱ्हेचा उजेड टाकून यंत्र दोन्हींचं प्रमाण काढतं. चिमट्यात उजेड बोटाच्या आरपार जातो. घड्याळाला ती सोय नाही, त्याला कातडीवरून परत आलेल्या उजेडावरच भागवावं लागतं, म्हणून त्याचा आकडा आणखी कच्चा. शिवाय गडद कातडी उजेड जास्त शोषते. अमेरिकेतल्या दवाखान्यांत झालेला एक अभ्यास २०२० च्या डिसेंबरात छापून आला. त्यात दिसलं की रक्तातला ऑक्सिजन खरोखर उतरलेला असताना बोटाच्या यंत्रानं तो ठीक दाखवला, असं काळ्या रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडलं. ही दवाखान्यातल्या चांगल्या यंत्रांची गोष्ट. उन्हातान्हात काम करून रापलेल्या आपल्या हातांवर हजार रुपयांचं घड्याळ काय वेगळं करणार?

पण आज आम्हाला मुख्यतः सांगायचंय ते वेगळंच. आकडा अगदी बरोबर आला तरी बाईची फसगत होते, ती कशी ते ऐका.

पुष्कळ जणी म्हणतात, "माझं रक्त चांगलंय, घड्याळात नव्व्याण्णव येतं." बायांनो, ते नव्व्याण्णव रक्ताचे नाहीत. गावात नळ नाही आणि विहीर लांब आहे असं धरा. घरच्या पाण्यासाठी बारा बाया हंडा घेऊन जायला हव्यात. बाराही गेल्या, बाराही हंडे काठोकाठ भरून आले, घरात पाणी पुरलं. आता दुसऱ्या घरातून सहाच बाया गेल्या. त्यांचेही सहाच्या सहा हंडे भरून आले. वाटेत उभं राहून कुणी विचारलं, "हंडे किती भरलेत?" तर दोन्हीकडे उत्तर एकच: सगळे भरलेत, शंभरातले शंभर. पण दुसऱ्या घरात पाणी निम्मंच आलं.

या हंडा घेऊन जाणाऱ्या बाया म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन. फुफ्फुसातून ऑक्सिजन भरून घ्यायचा आणि अंगभर पोचवायचा हे त्याचं काम. घड्याळ आणि बोटाचा चिमटा सांगतो तो फक्त हंडे भरलेत का एवढंच. बाया किती निघाल्या हे त्याला कळत नाही. ज्या बाईचं हिमोग्लोबिन बारा आहे तिलाही नव्व्याण्णव येतं आणि जिचं सहा आहे तिलाही नव्व्याण्णवच येतं. ती मात्र जिना चढताना धापा टाकते, भाकरी थापताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घरातली माणसं म्हणतात, काही नाही झालं तुला, घड्याळात तर सगळं चांगलं येतंय.

ही गोष्ट चार-दोन बायांची नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या चोपन्न बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. देशभरात हाच आकडा सत्तावन्न. म्हणजे गटात वीस जणी बसल्या असतील तर दहा-अकरा जणींचं रक्त कमी असायचं, आणि वीसही जणींच्या घड्याळात अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव दिसायचं. हिमोग्लोबिन कळायला बोटातून किंवा नसेतून थेंबभर का होईना, रक्त काढावंच लागतं. बाईला ते बाराच्या वर हवं, गरोदर बाईला अकराच्या वर. गरोदरपणी सातच्या खाली गेलं तर ते धोक्याचं. उपकेंद्रावर ही तपासणी फुकट होते, लोहाच्या गोळ्याही फुकट मिळतात. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांना डॉक्टर तपासतात, त्या दिवशी तर जायलाच हवं.

घड्याळ इथे एक बारीकशी मदत मात्र करू शकतं. सहाच बाया असल्या की त्यांना दुप्पट खेपा घालाव्या लागतात. तसंच रक्त कमी असलं की हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं. सकाळी उठल्यावर, चहा घ्यायच्या आधी, अंथरुणात बसल्या बसल्या ठोके बघा आणि आठवडाभर वहीत लिहून ठेवा. मोठ्या माणसाचे बसल्या जागचे ठोके साठ ते शंभर असतात. तुमचे रोज नव्वद-शंभरच्या घरात येत असतील आणि दमही लागत असेल, तर ती वही घेऊन सिस्टरकडे जा. कारण रक्त कमी असणं हेच असेल असं नाही, थायरॉईड असेल, ताप असेल, दुसरं काही असेल. ते तपासल्यावरच कळेल.

आता त्या ताईंच्या सासूबाईंच्या बीपीकडे येऊ. दवाखान्यात हाताला पट्टा बांधतात, तो फुगतो, हात आवळला जातो, मग हळूहळू सुटतो. नसेतलं रक्त थांबवायला किती जोर लागला आणि तो सोडताना रक्त परत केव्हा वाहू लागलं, त्यावरून दाब कळतो. घड्याळ मनगट आवळत नाही. ते त्याच उजेडाच्या लाटेचा आकार बघून अंदाज बांधतं. मनगटाला खरोखर आवळणारी फुगणारी घड्याळं निघाली आहेत, पण ती महाग, आणि ओवाळणीत काही ती येत नाहीत. सॅमसंगसारखी मोठी कंपनी तिच्या घड्याळात बीपी बघायला देते, पण आधी हाताच्या पट्ट्याच्या मशीनवर मोजून तो आकडा घड्याळात भरायला लावते, आणि दर चार आठवड्यांनी पुन्हा भरायला लावते. म्हणजे खरं माप पट्ट्याचंच. मग जे घड्याळ कधीच पट्ट्याचा आकडा विचारत नाही, त्यानं दाखवलेलं एकशे वीस-ऐंशी कुठून आलं? ज्याला त्याला दाखवून चालेल असा आकडा आहे तो, आणि म्हणूनच घातक. चुकीचा मोठा आकडा दिसला असता तर माणूस निदान दवाखान्यात गेला असता.

बीपी वाढलेलं असताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही. गोळी बंद केल्यावरही महिनोन्‌महिने काही कळत नाही, आणि मग एक दिवस अर्धांगाचा झटका येतो. गरोदर बाईचं तर आणखी अवघड. एकशे चाळीस-नव्वद किंवा त्याच्या वर गेलं, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तोंडावर-हातावर सूज आली, तर मनगटाकडे न बघता गाडी बोलवायची. रात्र असली तरी.

शुगरचं बोलायला फारसं काही नाही, कारण कातडीला न टोचता रक्तातली साखर मोजणारं घड्याळ किंवा अंगठी आम्ही सांगतोय तेवढ्यापुरती तरी खोटीच समजा. अमेरिकेच्या औषध खात्यानं २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर इशारा दिला की असं एकही घड्याळ त्यांनी मंजूर केलेलं नाही, लोकांनी वापरू नये. दंडाला चिकटवायची एक बिल्ल्यासारखी गोष्ट मिळते, तिची केसासारखी तार कातडीच्या आत जाते. ती वेगळी, ती मोजते, पण पंधरवड्याला बदलावी लागते आणि परवडत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यानं घड्याळातली साखर बघून डोस कमी-जास्त केला तर जिवावर बेतू शकतं. बोटाला टोचून बघायचं मशीन बरं.

महागड्या घड्याळांत हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी काढायची सोय असते. अमेरिकेत २०१८ मध्ये ॲपल कंपनीच्या घड्याळाला तशी परवानगी मिळाली. ठोके वेडेवाकडे पडण्याचा एक आजार त्यातून सापडू शकतो. चार लाखांवर लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. घड्याळानं ज्यांना सावध केलं आणि ज्यांनी नंतर छातीवर पट्टी लावून तपासून घेतलं, त्यांच्यातल्या साधारण तिघांतल्या एकाला त्या वेळी तो आजार दिसला. फुकट नाही आणि पक्कंही नाही, असं ते आहे. पण हार्ट अटॅक मात्र हे घड्याळ ओळखत नाही, कंपनी स्वतःच तसं लिहिते. छातीत आवळल्यासारखं झालं, जबडा किंवा डावा हात दुखायला लागला, थंड घाम फुटला, कारण नसताना श्वास पुरेना, तर १०८. बायांमध्ये नुसतं मळमळणं आणि गळून जाणं एवढंच होऊन अटॅक येऊ शकतो, म्हणून पित्त झालं असेल म्हणून झोपून राहू नका.

पावलांची गोष्ट जरा मजेची आहे. सगळी घड्याळं दिवसाला दहा हजार पावलं चाला म्हणून मागे लागतात. हा दहा हजारांचा आकडा कुण्या डॉक्टरांनी काढलेला नाही. टोकियोला १९६४ साली ऑलिम्पिक झालं, त्याच्या पाठोपाठ १९६५ मध्ये एका जपानी कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव मानपो-केई, म्हणजेच दहा हजार पावलांचं माप. नाव खपलं आणि आकडा जगभर चिकटला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांवर वयस्कर बायांचा अभ्यास छापून आला, सरासरी वय बहात्तर. दिवसाला साधारण सत्तावीसशे पावलं चालणाऱ्यांपेक्षा चव्वेचाळीसशे पावलं चालणाऱ्या जास्त जगल्या, आणि साडेसात हजारांच्या पुढे गेल्यावर आणखी फायदा काही दिसला नाही.

ते यंत्र मोजतं हाताचं हलणं. डोक्यावर मोळी घेऊन एक हात वर धरून तुम्ही दोन मैल चाललात, तर हात हलत नाही म्हणून त्यातली कितीतरी पावलं घड्याळाच्या हिशेबात येतच नाहीत. वाकून कांदा लावला, गुरांचं शेण काढलं, विहिरीवरून पाणी शेंदलं, त्याला घड्याळात धड नाव नाही. उलट बसल्या बसल्या भाकऱ्या थापल्या तर त्यातली चार पावलं जमा होतात. खुर्चीवर बसून काम करणाऱ्या माणसासाठी बनवलेलं माप आहे हे. रात्री आठ वाजता घड्याळ म्हणतं, "उठा, हालचाल करा," तेव्हा दिवसभर खुरपून आलेल्या बाईनं त्याला काय म्हणायचं ते आम्ही रेडिओवर बोलू शकत नाही. ज्यांना चालायची खरी गरज आहे, म्हणजे दुकानात बसणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, शुगर असलेल्या, त्यांना मात्र पावलांचा आकडा रोज थोडा वाढवायला हे यंत्र चांगलं कामाला येतं. गोळीच्या वेळेला थरथरण्याची सोयही म्हाताऱ्या माणसांना फार उपयोगाची. ऐकू कमी येणाऱ्यांना तर जास्तच.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. घड्याळ एकटं नसतं, ते कुणाच्या तरी फोनला जोडलेलं असतं. आपल्याकडे बऱ्याच घरांत फोन नवऱ्याचा किंवा लेकाचा. मग बाईचे ठोके, झोप, किती वाजता कुठपर्यंत गेली, आणि पाळीची नोंद ठेवली असेल तर पाळी कधी आली, कधी चुकली, हे सगळं त्या फोनवर उमटतं. नव्या नवरीची पाळी चुकल्याचं तिच्या आधी घराला कळावं, हे कुणालाच नको वाटेल. घराबाहेरही हेच. नागपूर, चंडीगड अशा शहरांत महापालिकांनी सफाई कामगारांच्या हातावर कुठे आहेत ते सांगणारी घड्याळं बांधली. चंडीगडच्या कामगारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. तब्येतीसाठी म्हणून बांधलेलं आणि हजेरीसाठी म्हणून बांधलेलं घड्याळ दिसायला सारखंच असतं. अमेरिकेत पाळीची नोंद ठेवणाऱ्या एका मोठ्या ॲपवर, बायांची माहिती जाहिरात कंपन्यांना दिल्याबद्दल सरकारी कारवाई झाली, ती २०२१ साली. तेव्हा ॲप चालू करताना ते जे जे मागतं, त्याला सरसकट "हो" करू नका. लोकेशन नाही दिलं तरी ठोके मोजले जातातच. फोन तुमचा नसेल तर पाळीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर बारीक टिंब करून ठेवलेली बरी. आपल्या आयांनी तेच केलं. आणि घड्याळ दुसऱ्या कुणाला द्यायचं किंवा विकायचं असेल तर आधी त्यातलं सगळं पुसून, फोनपासून तोडून मगच द्या.

आता खर्चाचं. गटातल्या चार जणी मिळून घड्याळ घ्यायच्या विचारात असतील तर आमचं म्हणणं ऐका: त्याच्या थोड्याफार वर-खाली पैशांत दंडाला बांधायचं बीपीचं मशीन येतं. मनगटाचं नको, दंडाचंच घ्या. गटाच्या पेटीत ठेवा, पावती आणि वॉरंटीचा कागद त्याच पेटीत. वर्षातून एकदा उपकेंद्रातल्या मशीनशी ताडून बघा. मोजायच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीत टेबलावर ठेवायचा, आणि मोजताना बोलायचं नाही. हे शेवटचं गटात सगळ्यात अवघड जाणार! मिनिटभरानं पुन्हा एकदा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसकट वहीत लिहा. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी आणि शुगर तपासायचं काम आशाताईंकडे आणि आरोग्य मंदिराकडे आहेच, तिथे तुमची वही दाखवता येईल.

त्या ताई दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घेऊन उपकेंद्रावर गेल्या होत्या. पट्ट्यावर एकशे छप्पन्न-शहाण्णव आलं. गोळी चालू आहे, डॉक्टरांनी मात्रा बदलून दिली आहे आणि महिन्यानं परत बोलावलंय. घड्याळ सासूबाईंच्या हातावर अजून आहे, त्या त्यात वेळ बघतात.

पुढच्या बुधवारी दुपारी याच वेळेला गटाचं बीपी मशीन घेऊन सिस्टर आपल्या केंद्रावर येणार आहेत. पट्टा कुठे आणि किती घट्ट बांधायचा ते त्या सांगतील. प्रश्न असतील तर आधीच चिठ्ठीवर लिहून आशाताईंकडे द्या.